खिशातले हात

पाऊस पडला की आमच्याकडे सुट्टी. ऑलिव्ह झोडायच्या दिवसांत दुसरी सुट्टी नसते, रविवारचीही नसते. पाऊस पडला की चिखलात जाळ्या ओढता येत नाहीत, ट्रॅक्टर रुततो, आणि मुकादम पहाटे दारात उभा राहून आभाळाला एक शिवी हासडतो आणि परत अंथरुणात शिरतो. त्या दिवशी आसपासच्या सगळ्या गावांच्या टोळ्या बाएसा शहरात जातात. कुणी बायकोला बूट घेऊन देतो, कुणी दाढी करून घेतो, उरलेले बारमध्ये बसून भांडतात.

माझा दाजी फ्रासिओ आमचा मुकादम, जवळजवळ चाळीस वर्षं असा आभाळाला शिव्या देत होता. माझी थोरली बहीण कापिया त्याची बायको. मी, ब्लास, त्याच्याच टोळीत काठी चालवत म्हातारा झालो. त्याच्यासारखा झोडणारा आमच्या डोंगराखाली दुसरा नव्हता, हे त्याचे वैरीही सांगतील, आणि वैरी भरपूर होते. ऑलिव्हचं झाड बाहेर उभं राहून झोडायचं नसतं. झाडाच्या पोटात शिरायचं, आणि आतून बाहेर, फांदी जिकडे वाहते तिकडे काठी सोडायची. मग फळ गळतं आणि फांदी शाबूत राहते. बाहेरून समोरासमोर हाणलं तर फळाबरोबर टोकाचा कोवळा कोंबही तुटतो, आणि पुढच्या सालचं पीक त्या कोंबावर असतं. फ्रासिओने झोडलेल्या झाडाखाली पानंसुद्धा मोजकी पडायची. झाडाशी तो असा वागायचा.

माणसांशी नाही. त्याचा हात सगळ्या गावाला माहीत होता. खेचराला, कुत्र्याला, टोळीतल्या आळशाला, बारमध्ये बाजूला न सरकणाऱ्याला, सगळ्यांना एकाच मापाने बसायचा. मेल्चोर नावाच्या गड्याचा पुढचा दात त्याने भर दुपारी, भाकरीचा घास तोंडात असताना पाडला. आणि घरी कापिया. जेवताना कुणी मिठासाठी जरी हात लांब केला तरी तिचा डावा खांदा आपोआप कानापर्यंत वर जायचा. पाहुण्यांना वाटायचं, हिला संधिवात आहे. अंगावर काळंनिळं दिसलं की ती सांगायची, जिन्यावरून घसरले. त्यांच्या घराला जिना नव्हता.

फ्रासिओला झोडणी त्याच्या बापाने शिकवली होती. बाप बोलका नव्हता. त्याने पोराला अंगणात हात पसरून उभं केलं, जसं झाड, आणि काठी घेतली. आधी आतून मारली, दंडावरून बोटांकडे. ती घसरत गेली, कातडी फक्त लाल झाली. मग बाहेरून. ती बसली. "कळला फरक?" बापाने विचारलं. फ्रासिओला जन्मभरासाठी कळला. आपली एकुलती एक मुलगी आरासेली नऊ वर्षांची झाली तेव्हा त्याने तिलाही अंगणात उभी केली. त्याला वाटलं, शिकवायचं असतं ते असंच. तिच्या डाव्या हाताची करंगळी तेव्हापासून वाकडी आहे.

अठराव्या वर्षी आरासेली उत्तरेला साबादेलला निघून गेली, ती गेलीच. तिथे दवाखान्याच्या स्वयंपाकघरात लागली, लग्न केलं, मुलगी झाली. मुलगी ओना सात वर्षांची होईपर्यंत फ्रासिओने तिला फक्त फोनच्या काचेत पाहिलं होतं. फोन कापियाच्या हातात असायचा. तो मागे उभा राहून बघायचा आणि पोरगी हसली की घराबाहेर जाऊन बसायचा. तो तिथे रडत असायचा, आणि त्या वेळी त्याच्या घरावरून जायचं नाही, एवढं आमच्या गावात सगळ्यांना कळत होतं.

त्या डिसेंबरात जोडून सुट्ट्या आल्या आणि आरासेलीचा फोन आला. कापियाला कमी ऐकू येतं म्हणून आवाज मोठा ठेवलेला. मीही स्वयंपाकघरात होतो.

"एक दिवस येईन," ती म्हणाली. "घरी नाही. बाएसात, लोकांमध्ये. सकाळच्या बसने येईन, संध्याकाळच्या बसने जाईन. फिरू, जेवू, चर्च दाखवू तिला. पण बाबांनी हात उचलला, माणसावर, कुत्र्यावर, नुसता टेबलावर आपटला तरी, मी ओनाला घेऊन त्याच पावली निघेन. मग ती तुम्हाला मेल्यावरसुद्धा दिसणार नाही. तिच्यावर हात उचलणाऱ्यापासून मी तिला लांब नेणार, मग तो कुणी का असेना."

"टेबल कशाला धरतेस त्यात?" फ्रासिओ म्हणाला.

"टेबलापासूनच सुरू व्हायचं तुमचं."

त्याने टेबलावरचे दोन्ही हात ओढून मांडीवर घेतले. मग म्हणाला, "बरं."

ती यायची त्या दिवशी पाऊस पडला, म्हणून मी गाडी घेऊन दारात गेलो. फ्रासिओ लग्नातला कोट घालून बाहेर आला. दोन्ही हात कोटाच्या खिशात, काठी काखेत. ही काठी म्हणजे त्याची झोडायचीच जुनी काठी, कंबर गेल्यावर चालायला म्हणून कापून आखूड केलेली.

"पट्टा लावा, दाजी."

"तू लाव."

"का, हात मोडलेत?"

"अजून नाही," तो म्हणाला.

कापिया मागून हसली. "सकाळपासून असेच आहेत. कॉफी मी पाजलीय. बटणं मी लावलीत. नवरदेव आहेत आज."

तेव्हा मला कळलं. त्याने हात खिशात घातले होते आणि दिवसभर ते काढणार नव्हता. स्वतःच्या हातांवर त्याचा तेवढाच विश्वास होता.

बाएसात बसमधून आरासेली उतरली. आईला घट्ट मिठी मारली, मला मारली, बापासमोर थांबली. त्याने मान पुढे केली, तिने गालाला गाल लावला न लावल्यासारखा केला. ओना मात्र त्याच्या पोटाशीच जाऊन उभी राहिली.

"आजोबा, तुझे हात कुठे आहेत?"

"खिशात."

"का?"

"आईला विचार."

तेवढ्यात काठी काखेतून निसटून फरशीवर वाजली. ओनाने उचलली. "मी धरू दिवसभर?" असं विचारून तिने ती खांद्यावर टाकलीही. फ्रासिओ काठीशिवाय, हात खिशात घालून, ओल्या दगडांवर लंगडत निघाला. तोल सावरायला माणसाला हात लागतात. तो प्रत्येक पावलाला दात आवळत होता.

सिंहांच्या चौकात आम्ही कारंज्यापाशी थांबलो. दगडी सिंहांची तोंडं झिजून झिजून म्हाताऱ्या मेंढ्यांसारखी झालीत. ओनाने एकाच्या जबड्यात हात घातला आणि म्हणाली, "चावत नाही."

"म्हातारा झाला की कुणीच चावत नाही," कापिया म्हणाली.

"खाटिकखान्यासमोर बसलेत ना, पोटं भरलीयत त्यांची," मी म्हणालो, आणि मागची जुनी खाटिकखान्याची इमारत ओनाला दाखवली. भिंतीवर राजाचं भलंमोठं चिन्ह, आत आता कचेरी. ओनाने विचारलं, इथलं रक्त कुठे जायचं? मी म्हणालो, उतारावरून. तिने उताराकडे असं पाहिलं जणू ते अजून वाहतंय.

तसं ते पुढच्या गल्लीत होतंच. जुन्या विद्यापीठाच्या आसपास भिंतीभिंतींवर लाल अक्षरं आहेत. शिकून बाहेर पडलेल्यांनी आपापली नावं लिहून ठेवलेली. लोक सांगतात, बैलाच्या रक्तात. पावसाने दगड काळे पडले होते आणि अक्षरं ताजी दिसत होती.

"बैलाला विचारलं होतं का?" ओना म्हणाली.

फ्रासिओ हसला. मी त्याला हसताना पाहून कितीतरी वर्षं झाली होती. हसताना तो त्याच्या बापासारखा दिसतो हे मी विसरलो होतो.

"आजोबा, तू लिहिलंयस तुझं नाव रक्ताने?"

"आजोबांनी लिहिलंय," आरासेली म्हणाली. "भिंतीवर नाही."

त्याचं हसणं थांबलं. खिशांतल्या मुठी कोटाच्या कापडातून दिसल्या, दोन दगड ठेवल्यासारख्या. आरासेलीनेही त्या पाहिल्या. ती थांबून वाट पाहत होती. मुठी तशाच राहिल्या, आणि आम्ही पुढे गेलो.

मोठ्या चर्चमध्ये एक चित्र आहे. पेटीत नाणं टाकलं की संगीत सुरू होतं, चित्र खाली सरकतं आणि मागून चांदीचा उंच मनोरा गोल फिरत, झगमगत बाहेर येतो. कापियाने तीन वेळा नाणं टाकलं. "सगळी चित्रं अशी सरकली पाहिजेत, मागे काय आहे ते तरी कळेल," ती म्हणाली. ओना मात्र बाकावर आजोबाशेजारी बसून वरच्या क्रुसावरच्या लाकडी मूर्तीकडे बघत होती. पसरलेले हात, गुडघ्यांवर सोललेलं लाकूड.

"आजोबा, याला पण झाड केलंय का? आईला केलं होतं तसं?"

संगीत संपलं होतं, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. फ्रासिओने पोरीकडे पाहिलं नाही, मुलीकडे पाहिलं. आरासेली म्हणाली, "तिने विचारलं माझी करंगळी अशी का. मी खोटं बोलत नाही तिच्याशी."

"बरं केलंस," तो म्हणाला.

दुपारी बारमध्ये शिरलो. पावसाच्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते. जमिनीवर ऑलिव्हच्या बिया, कागद, चिखल. लाल मिरचीचा मऊ पाव आणि त्यात रक्ताचं सॉसेज असा आमच्याकडचा खाना मागवला. फ्रासिओचे हात खिशातच. ओना एक घास स्वतः खायची, एक त्याला भरवायची.

कोपऱ्यातून आवाज आला. "अरे बघा, बघा! मुकादमाला भरवतायत! दात आले का हो बाळाला?"

मेल्चोर. हातात ग्लास, मागे त्याची अख्खी टोळी.

फ्रासिओने घास गिळला. "मला आले. तुझा आला का रे?"

सगळा बार हसला. मेल्चोरचा चेहरा लाल झाला आणि तो गर्दीतून वाट काढत आमच्यापाशी आला. "हात काढा की बाहेर, मुकादम. का खिशात अंडी उबवताय?"

"आजोबांनी हात काढायचे नाहीयेत," ओना त्याला समजावून सांगू लागली. "त्यांनी कुणाला मारलं ना, तर आई मला परत नेणार आणि मग मी त्यांना कधीच दिसणार नाही."

मेल्चोरने आधी ओनाकडे पाहिलं, मग आरासेलीकडे. हळूहळू त्याच्या तोंडावर हसू पसरलं, त्या दाताच्या खिंडारासकट.

"अस्सं," तो म्हणाला. "म्हणजे आज जत्रा आहे. आज फुकट आहे."

त्याने फ्रासिओची टोपी टिचकीने उडवली. ती चिखलात पडली. फ्रासिओ बसून राहिला. मेल्चोरने त्याच्या गालावर दोन बोटांनी थापटलं, जसं लोक वासराला थापटतात. मग थापट जोरात झाली. मग ती थप्पड होती. फ्रासिओचं डोकं बाजूला गेलं आणि परत जागेवर आलं. नाकातून एक बारीक लाल रेघ निघून मिशीत थांबली. मी उठलो, तर त्याने मला नजरेने खाली बसवलं. मुठींनी त्याने कोटाचे खिसे मांड्यांवर ताणून धरले होते.

मी आरासेलीकडे पाहिलं. मला वाटलं होतं, ती घाबरली असेल. ती घाबरली नव्हती. ती पुढे झुकून बापाच्या खिशांकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. काढा, काढा, असं म्हणत असावी.

मेल्चोरने पुन्हा हात मागे नेला तेव्हा कापिया उठली. वाकून टोपी उचलली, मांडीवर पुसली, नवऱ्याच्या डोक्यावर ठेवली आणि मेल्चोरला म्हणाली, "तुझ्यापुढे रांग आहे, बाबा. तुझा एक दात गेलाय. मागे जाऊन उभा राहा."

कुणी हसलं नाही. मेल्चोरचा हात हवेतच राहिला; तो त्याने डोकं खाजवायला वापरला आणि निघून गेला.

आम्ही बाहेर आलो. ओना पुढे काठी आपटत चालली होती. मग आरासेली म्हणाली, "म्हणजे जमत होतं."

"काय?" फ्रासिओने विचारलं.

"हेच. खिशात ठेवायला. जमत होतं तुम्हाला." तिचा आवाज शांत होता आणि तो शांतपणा मला आवडला नाही. "मी आयुष्यभर समजत होते, तुम्हाला आवरत नाही. आजार असतो तसं. आई म्हणायची ना, त्यांना आवरत नाही गं. आज मेल्चोरने थोबाडीत मारली आणि तुम्ही बसून राहिलात. इतकी वर्षं जमत होतं, बाबा."

दुपारी बारमध्ये फ्रासिओ जिंकला असं मला वाटत होतं. तिने ते एका वाक्यात उलटं करून त्याच्यासमोर धरलं.

गावकुसाच्या भिंतीवरच्या रस्त्यावर आलो. तिथून खाली सगळं आमचंच आहे. दरी भरून ऑलिव्ह, ओळीमागून ओळी, धुक्यात बुडालेल्या, आणि पलीकडे आमचा डोंगर. रस्त्याच्या कडेला शोभेसाठी लावलेलं एक ऑलिव्हचं झाड होतं, काळ्या फळांनी लगडलेलं. शहरातली झाडं कुणी झोडत नाही. ओना धावत गेली आणि काठीने झोडू लागली. बाहेर उभी राहून, समोरून, दोन्ही हातांनी. फळं उडाली, पानं उडाली, कोंब मोडून ओल्या फरशीवर पडू लागले. प्रत्येक कोंब मोडला की फ्रासिओचा खांदा हलायचा. कापियाचा हलतो तसा.

"थांब, पोरी. तसं नाही."

"मग कसं?"

"आत शीर झाडाच्या. आतून बाहेर मार. बाहेरून मारलं की कोंब तुटतो."

ती आत शिरली आणि परत तसंच मारलं. "जमत नाहीये. तू दाखव ना."

"मी नाही दाखवू शकत."

"मग मी झाड होते," ओना म्हणाली. तिने काठी त्याच्या पायाशी ठेवली आणि हात पसरले. डोळे मिटले. छोटं तोंड वर केलेलं, पावसाचे थेंब त्याच्यावर. "दाखव. हळू मार हं."

मी खूप हाणामाऱ्या पाहिल्यात. फ्रासिओ त्या क्षणी जसा दिसला तसा मार खाणारा माणूस मी पाहिलेला नाही.

"नको," तो म्हणाला. "तू नको. झाड मी होतो."

आणि त्याने खिशातून हात काढले.

"हात!" आरासेली ओरडली.

"रिकामे आहेत," तो म्हणाला. त्याने ते तिला दाखवले, दोन्ही तळवे, घट्टे पडून लाकूड झालेले, आणि मग दोन्ही बाजूंना पसरले. "घे ओना. काठी घे. दंडावरून बोटांकडे सोड. घसरू दे."

ओनाने मारली. कोटावरून काठी घसरली, ती खिदळली. "बरोबर. हे आतून," तो म्हणाला. "आता बाहेरून मार, म्हणजे फरक कळेल."

ओनाने काठी उचलली आणि खाली केली. "मला नाही मारायचं. तुला लागेल."

सात वर्षांच्या पोरीला काठी अंगावर न खाताच फरक कळलेला होता. दिवस तिथे संपला असता तर बरं झालं असतं. पण आरासेलीने तिच्या हातातून काठी घेतली.

"मी दाखवते," ती म्हणाली.

पहिली त्याच्या डाव्या कोपराखाली बसली. बाहेरून, समोरून, चाळीस किलोच्या भांड्यांना सरावलेल्या दोन्ही हातांची. आवाज मला ओळखीचा होता. वाळलेली फांदी तसाच आवाज करते. फ्रासिओचा हात कोपर आणि मनगट यांच्यामध्ये वाकला, जिथे हात वाकत नसतो. त्याने तो खाली घेतला नाही. त्याने दात चावून पसरलेलाच ठेवला आणि मुकादमाच्या आवाजात म्हणाला, "बरोबर. हे बाहेरून."

त्या "बरोबर"ने तिचा उरलासुरला तोल गेला. दुसरी खांद्यावर, तिसरी कानाजवळ, टोपी उडाली, कानाची पाळी फाटली, मग मोजण्यात अर्थ उरला नाही. ती शब्द बोलत नव्हती, फक्त श्वास ओढत होती, जसा आम्ही उंच झाड झोडताना ओढतो. तो गुडघ्यांवर आला तरी हात पसरलेले. मी मागून तिला धरलं तर तिने कोपराने माझा ओठ फोडला. कापिया ओनाला पोटाशी धरून उभी होती, पण पोरीचे डोळे तिने झाकले नव्हते. झाकायचं तिला सुचलं नाही, तिच्या घरात कधी कुणी कुणाचे झाकले नव्हते.

"पुरे," कापिया शेवटी म्हणाली. मोठ्याने नाही. "पुढच्या सालचं काही राहू दे त्याच्यावर."

आरासेली थांबली. काठी मी तिच्या हातातून ओढली आणि भिंतीवरून खाली दरीत फेकली. ती पडल्याचा आवाजही आला नाही.

दवाखान्यात हाताची दोन्ही हाडं मोडलीत असं सांगितलं. कान शिवला. परिचारिकेने विचारलं, कसं झालं?

"घसरलो," फ्रासिओ म्हणाला. "ओला दगड."

ती आमच्याकडे एकेक करून बघत होती. माझा फुटका ओठ, आरासेलीचे सोललेले तळवे. कापियाने खांदे उडवले. "आमच्या घरात सगळे घसरतात, बाई. जिने फार आहेत."

बसला वेळ होता. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. पाऊस पुन्हा सुरू झाला होता आणि ओनाच्या कोटाची टोपी डोक्यावरून मागे सरकलेली होती. आरासेलीने ती नीट करायला हात पुढे केला.

ओनाचा डावा खांदा कानापर्यंत वर गेला. डोळे घट्ट मिटले.

हात तसाच हवेत राहिला. कापियाने पाहिलं, मी पाहिलं. फ्रासिओने प्लास्टरमधल्या हातावरून मान वळवून पाहिलं आणि पहिल्यांदा, त्या सगळ्या दिवसात पहिल्यांदा, तो कण्हला.

आरासेलीने हात मागे घेतला. मग दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

थांब्यावर बस लागली तेव्हा तिने बॅगही उचलली नाही; ओनाने दोन्ही हातांनी ओढत नेली. दाराशी आरासेली बापासमोर थांबली.

"शब्द पाळलात तुम्ही," ती म्हणाली.

"मग पोरगी?"

"तिच्यावर हात उचलणाऱ्यापासून मी तिला लांब नेणार होते." ती खिशांकडे बघत होती, स्वतःच्या. "आता कुणापासून कुठे नेऊ, बाबा?"

त्याला आयुष्यात एकच गोष्ट शिकवता यायची, झोडणी. दुसरी तो त्या सकाळी स्वतःच शिकला होता, आणि तीही त्याला एकाच दिवसाची माहीत होती.

"काढू नको," तो म्हणाला. "बटणं दुसऱ्याकडून लावून घे. घास दुसऱ्याकडून घे. लोक काही बोलले तरी काढू नको. दिवस फार मोठा होतो. पण मावळतो."

तिने मान हलवली, चढली आणि ओनाच्या शेजारी नाही, मागच्या बाकावर बसली. ओना काचेतून आजोबाला हात हलवत होती. त्याने चांगला हात खिशातून अर्धा बाहेर काढला, आणि बस चौकातून वळेपर्यंत तो तसाच, अर्धा बाहेर, अर्धा आत होता.